तांबे, संगणक आणि फसलेल्या प्रयोगांची वही

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी 'विज्ञानातील अलीकडचे शोध' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली आहे. विषय समुद्राएवढा, आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि उभा जन्म शाळेच्या खडूफळ्यापाशी गेलेला. म्हणून समुद्राचा नाद सोडून आम्ही आपल्या घरच्या आडावरच उभे राहणार आहोत. आपण तांबट-कासार. तांबे, जस्त आणि कथील या तीन धातूंशी आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार केला. कोणत्या कामाला कोणते द्रव्य योग्य हे शोधणारे द्रव्यविज्ञान, त्या द्रव्याची जोडणी करणारे रसायनशास्त्र आणि या दोहोंच्या मदतीला आलेला संगणक, यांच्या संगमावर आज जे घडत आहे, ते या तीन धातूंच्या ओळखीनेच समजून घेता येते. इतकेच नव्हे, तर त्यातून आपल्या ज्ञातीने घेण्यासारखा एक तातडीचा बोधही आहे. बोध शेवटी सांगू, आधी हकिकत.

काशाची वाटी घ्या. तिच्या शंभर भागांत सुमारे ७८ भाग तांबे आणि २२ भाग कथील असते. तांबे मऊ, कथील त्याहूनही मऊ. परंतु या प्रमाणात दोन्ही एकत्र आली की होणारा धातू कठीण, नादमधुर आणि थंड असता ठिसूळ. थंडपणी जोराचा घाव बसला तर तो तडकतो. म्हणून तो लाल असतानाच घडवावा लागतो. हे प्रमाण आणि ही रीत कोणा पंडिताने गणित मांडून काढलेली नाही. किती मुशी वाया गेल्या असतील, किती वाट्या ऐरणीवर फुटल्या असतील, तेव्हा ती हाती लागली.

दुसरे उदाहरण माठारकामाचे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत हे काम आजही चालते. घडवलेल्या भांड्यावर ओळीने ठोके देत गेले की भांडे चकाकते एवढेच नव्हे, तर टणक होते. आणि फार टणक झाले तर तापवून पुन्हा मऊ करता येते. असे का होते? या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर मिळण्यास १९३४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघा शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे असे प्रतिपादन केले की, धातूतील अणूंच्या रांगांत काही ठिकाणी बारीक दोष असतात, आणि हे दोष सरकत गेल्यामुळेच धातू वाकतो. घाव घालत गेले की दोष वाढतात, एकमेकांत गुंततात आणि त्यांचे सरकणे अडते. म्हणून धातू टणक होतो. तापवले की गुंता सुटतो आणि धातू मऊ पडतो. ज्या तांबटाने हा सिद्धांत कधी ऐकला नव्हता, त्याच्या हाताला तो ठाऊक होता. तथापि हातातले ज्ञान आणि समजलेले ज्ञान यांत एक अंतर आहे. हाताचे ज्ञान तांब्यापाशीच थांबते. समजलेले ज्ञान लोखंडाला, ॲल्युमिनियमला आणि विमानाच्या पात्यालाही लागू करता येते.

आता शोधकार्यातील अडचण पाहू. किरणोत्सर्गाने आपोआप न विरणारी अशी मूलद्रव्ये ८० आहेत. त्यांतील चार-चार मूलद्रव्ये एकत्र करावयाची म्हटली तर किती गट पडतील? शाळेतील गणिताने हिशेब करा: १५,८१,५८०. दररोज एका गटाची एकच चाचणी घेतली तरी ४,३३३ वर्षे लागतील. आणि प्रत्येक गटात कोणते द्रव्य किती, उष्णता किती, वेळ किती, हे प्रश्न निराळेच. पूर्वी या अडचणीला उत्तर एकच होते, ते म्हणजे चिकाटी. हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवून त्यातून खत तयार करता येते. ती क्रिया वेगाने घडवून आणणारे स्वस्त द्रव्य शोधण्यासाठी जर्मनीत आल्विन मिटाश याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभापर्यंत हजारो चाचण्या घेतल्या, तेव्हा थोडे अन्य पदार्थ मिसळलेले लोखंड हे उत्तर सापडले. आज जगाच्या अन्नाचा मोठा वाटा त्या उत्तरावर उभा आहे. परंतु प्रत्येक प्रश्नाला मिटाश आणि त्याच्याएवढा पैसा कोठून आणावयाचा?

येथे संगणक मदतीस आला. अणूतील इलेक्ट्रॉन कसे वागतील याचे गणित आटोक्यात आणणारी पद्धत वॉल्टर कोन याने १९६४-६५ च्या सुमारास आपल्या सहकाऱ्यांसह मांडली आणि १९९८ साली त्यास रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्या आधारे, पदार्थ न बनवताच, तो टिकेल की विघटित होईल, याचा अंदाज करता येऊ लागला. अमेरिकेत बर्कली येथे २०११ साली 'मटेरिअल्स प्रोजेक्ट' नावाचे भांडार सुरू झाले. अशा हिशेबांची फळे त्यात साठवून सर्वांस खुली करण्यात आली. पण हा हिशेबही वेळखाऊ. म्हणून पुढची पायरी आली, ती 'मशिन लर्निंग'ची, म्हणजे यंत्रास उदाहरणांवरून शिकवण्याची.

या शब्दाचे अवडंबर वाटते, पण कल्पना सोपी आहे. मुलास आपण 'आंबा' या शब्दाची व्याख्या सांगत नाही. दहा आंबे दाखवतो, चार पेरू दाखवतो, आणि अकरावा आंबा ते स्वतः ओळखते. संगणकालाही तसेच हजारो पदार्थ त्यांच्या गुणांसह दाखवितात. मग न पाहिलेल्या पदार्थाविषयी तो अंदाज बांधतो. तो अंदाज असतो, ज्ञान नव्हे. हा भेद आपण क्षणभरही विसरता कामा नये. कारण त्यावरच पुढची गोष्ट उभी आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगलच्या डीपमाइंड या संस्थेने जाहीर केले की त्यांच्या यंत्राने २२ लाख नव्या स्फटिकरचना सुचविल्या असून त्यांतील सुमारे ३ लाख ८० हजार रचना टिकाऊ ठराव्यात. त्याच सुमारास बर्कली येथील एका प्रयोगशाळेने सांगितले की, माणसाचा हात न लागता यंत्रांनी १७ दिवसांत ५८ पैकी ४१ पदार्थ भट्टीत बनवून दाखविले. वृत्तपत्रांनी मोठमोठे मथळे दिले. परंतु पुढील वर्षी कसोटी लागली. लंडनचे रॉबर्ट पाल्ग्रेव्ह, प्रिन्स्टनच्या लेस्ली शूप आणि त्यांचे सहकारी यांनी त्या ४१ पदार्थांचे क्ष-किरणांचे आलेख तपासले आणि त्यांत खरोखर नवा पदार्थ एकही सिद्ध होत नाही, असा अभिप्राय दिला. ज्या ठिकाणी अणूंची मांडणी ठरीव क्रमाने आहे असे यंत्राने मानले, तेथे प्रत्यक्षात अणूंची सरमिसळ होऊन आधीच ठाऊक असलेला पदार्थ तयार झाला होता, असे त्यांचे म्हणणे. कॅलिफोर्नियातील अँथनी चीथम आणि राम शेषाद्री यांनीही त्या लाखो रचनांविषयी विचारले की, यांत खरोखर नवे किती, विश्वासार्ह किती आणि उपयोगाचे किती?

आम्ही हे यंत्राची निंदा करण्यासाठी सांगत नाही. सोने पिवळे दिसले म्हणून कोणी घेत नाही. कसास लावून घेतो. यंत्राने वाट दाखवावी, पण कस पाहण्याचे काम जाणत्या डोळ्यांचे आहे, आणि ते डोळे अनुभवानेच तयार होतात, एवढेच आमचे सांगणे.

आता तांबे आणि जस्त यांची नवी कहाणी ऐका. २०२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जपानचे सुसुमु कितागावा, ऑस्ट्रेलियात काम करणारे रिचर्ड रॉब्सन आणि अमेरिकेतील ओमर यागी या तिघांना मिळाले. त्यांनी धातूचे अणू आणि कार्बनी रेणू यांची अशी चौकट बांधली की तिच्या आत खोल्याच खोल्या असाव्यात. धातूचे अणू हे जणू वाड्याचे सांधे आणि लांबट रेणू हे तुळया. शिक्षकास तर या कथेचा आरंभ फारच गोड वाटावा. १९७४ साली रॉब्सन मेलबर्न विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळ्यांचे अणू आणि दांड्यांचे बंध अशी शैक्षणिक साधने तयार करवून घेत होते. विद्यापीठाच्या कार्यशाळेला गोळ्यांत छिद्रे कोठे पाडावीत हे खुणेने दाखवावे लागले. तयार नमुने हाती आल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, छिद्रांच्या जागा ठरल्या की सबंध रेणूचा आकार आपोआप ठरतो! मग लाकडी गोळ्यांऐवजी खरे अणूच वापरले तर? हा विचार दहा वर्षांहून अधिक काळ मनात घोळला, आणि १९८९ साली त्यांनी जी चौकट प्रसिद्ध केली तिचे सांधे तांब्याच्या अणूंचे होते. वर्गात दाखविण्याच्या एका लाकडी साधनातून नोबेल पारितोषिकाचा उगम झाला, ही गोष्ट आमच्या शिक्षकबंधूंनी मनात जपून ठेवावी.

ती पहिली चौकट नाजूक होती. पुष्कळांना ती निरुपयोगी वाटली. कितागावांनी १९९७ साली अशा चौकटीतून वायू आत जाऊ शकतो आणि बाहेर येऊ शकतो, हे दाखविले. यागींनी १९९९ साली जी मजबूत चौकट उभी केली तिचे सांधे जस्ताचे. तिचे थोडेसे ग्रॅम चूर्ण घेतले तर आतील खोल्यांच्या भिंतींचा एकूण पृष्ठभाग फुटबॉलच्या मैदानाएवढा भरतो. त्यांच्याच मंडळींनी पुढे अशा द्रव्याने ॲरिझोनाच्या वाळवंटातील कोरड्या हवेतून रात्री बाष्प पकडून दिवसाच्या उन्हाने त्याचे पाणी करून दाखविले. जस्ताच्याच दुसऱ्या एका चौकटीने कॅनडातील सिमेंट कारखान्याच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड पकडण्याचे काम केले. तांबे आणि जस्त म्हणजे पितळ, एवढेच आपण जाणत होतो. तीच दोन द्रव्ये आज हवा आणि पाणी गाळू लागली आहेत. हे यागी जॉर्डनमधील अम्मान येथे एका निर्वासित कुटुंबात वाढले. घर एका खोलीचे, त्यातच जनावरे, वीज नाही आणि नळही नाही. दहाव्या वर्षी ग्रंथालयातील एका पुस्तकात रेणूंची चित्रे पाहून त्यांस या विषयाची ओढ लागली. ग्रंथालयाचे दार मुलांसाठी उघडे ठेवणे म्हणजे काय, हे यावरून समजावे.

अशा चौकटी आजवर हजारोंनी बनल्या आहेत, आणि प्रत्येकीची कृती निरनिराळ्या निबंधांत विखुरलेली आहे. २०२३ साली यागींच्या मंडळींनी चॅटजीपीटी या संभाषण करणाऱ्या संगणकाकडून असे निबंध वाचवून घेतले आणि सुमारे ८०० चौकटींच्या कृतींतील २६,००० हून अधिक नोंदी एकत्र केल्या: कोणते द्रव्य, किती उष्णता, किती वेळ. त्या नोंदींवरून पुढील प्रयोगात स्फटिक तयार होईल की नाही, याचे भाकीत करण्यास दुसरे यंत्र शिकले. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. यंत्राने जे वाचले ते छापलेले होते. जे कोणी लिहिलेच नाही, ते जगातील कोणत्याही यंत्राला वाचता येत नाही.

आणि आता आम्ही आजच्या मुख्य मुद्द्याशी आलो. शास्त्रज्ञ छापतात ते बहुधा यशस्वी प्रयोग. फसलेले प्रयोग वहीतच राहतात. यंत्राला नुसते आंबेच दाखविले आणि पेरू दाखविलाच नाही, तर ते आंबा ओळखणार कसे? अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात हॅव्हरफोर्ड नावाचे एक लहानसे महाविद्यालय आहे. तेथील अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी कपाटातील जुन्या प्रयोगवह्या काढल्या आणि त्यांतील सुमारे चार हजार प्रयोग, फसलेले आणि साधलेले दोन्ही, संगणकात भरले. मग यंत्राने नवे स्फटिक बनविण्यासाठी सुचविलेल्या कृती आणि अनुभवी रसायनतज्ज्ञांनी आपल्या अंदाजाने ठरविलेल्या कृती यांची तुलना केली. २०१६ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा: माणसांच्या अंदाजास १०० पैकी ७८ वेळा यश आले, यंत्रास ८९ वेळा. श्रीमंत प्रयोगशाळा नव्हे, प्रचंड संगणक नव्हे. ज्यांना कोणी कवडीची किंमत दिली नसती, त्या फसलेल्या प्रयोगांच्या वह्यांनी हे यश दिले.

बंधुभगिनींनो, आता आपल्या ज्ञातीकडे वळू. आपल्या वृद्ध कारागिरांपाशी असे चार हजार प्रयोग नाहीत काय? कोणत्या तांब्याला कितीदा तापवावे, कोणत्या रंगावर भट्टीतून काढावे, कल्हईला नवसागर किती लागतो, ओतकामात फुगे का राहतात, डाग कोठे सुटतो, हे सारे त्यांच्या डोळ्यांत आणि मनगटांत आहे. पण ते कागदावर नाही. स्टेनलेस स्टीलने आणि ॲल्युमिनियमने आपली भांडी स्वयंपाकघरातून हलविली. मुले नोकरीस लागली, आणि त्यांत काही गैर नाही. परंतु एक म्हातारा कारागीर जातो तेव्हा एक अख्खे कपाट वह्यांसकट जळते, आणि आपण तेराव्याला जेवून परत येतो.

यावर काही वडीलधारे म्हणतील की, 'मास्तर, धंद्याचे मर्म लिहून ठेवले तर दुसरा उचलून नेईल.' ही शंका पोकळ नाही. तिचे उत्तर हळदीने दिले आहे. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगासाठी पेटंट देण्यात आले. आपल्या घरोघरच्या आज्यांनी हसावे असाच तो प्रकार! परंतु आज्यांचे हसणे हा तेथे पुरावा होत नव्हता. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना त्यास आव्हान दिले, जुने ग्रंथ आणि छापील निबंध पुढे मांडले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. जे लिहिलेले होते तेच वाचले. न लिहिलेले मर्म चोरास सोपे जाते, कारण त्यावर धन्याचे नाव नसते. नाव, गाव आणि तारीख घालून छापलेली नोंद ही कुलपापेक्षा अधिक भरवशाची आहे.

दुसरा आक्षेप नेमका उलट बाजूचा असतो. 'आमच्या पूर्वजांना हे सारे ठाऊकच होते, नवे काय?' असे म्हणणारेही सभेत असतात. पूर्वजांचा अभिमान आम्हांसही आहे. जस्त उष्णतेने वाफ होऊन उडून जाते. ते ऊर्ध्वपातनाने धरण्याची विद्या राजस्थानातील जावर येथे युरोपाच्या शेकडो वर्षे आधी मोठ्या प्रमाणावर चालत होती. इंग्लंडात विल्यम चॅम्पियन याने तशा रीतीचे पेटंट घेतले ते १७३८ साली. परंतु जावरच्या भट्ट्या विझल्या, आणि पुढे त्या विद्येची पुरी ओळख पटण्यासाठी जमीन उकरून मातीच्या नळ्या तपासाव्या लागल्या. अभिमान हा गौरव करतो. जतन करीत नाही. जतन करते ती नोंद.

म्हणून मंडळापुढे आम्ही तीन विनंत्या ठेवतो. पहिली: या स्मरणिकेची काही पृष्ठे दरवर्षी ज्ञातीतील एका वृद्ध कारागिराच्या कामाच्या नोंदीसाठी राखून ठेवावीत. जाहिराती दोन कमी आल्या तरी चालतील. आपल्या घरातील शिकलेल्या मुलाने अथवा मुलीने आजोबांच्या शेजारी बसून लिहावे. आणि त्यात कसे साधले याइतकेच कसे फसले हेही लिहावे. ज्या घरांतील स्त्रियांनी भट्टी फुंकली, भांडी उजळली, दुकाने सांभाळली, त्यांच्याही नोंदी घ्याव्यात. त्यांना कोणी कधी विचारलेले नाही.

दुसरी विनंती शिक्षकांना आणि पालकांना. मुलांच्या प्रयोगवहीत पुस्तकातील उत्तर उतरविण्याची चाल पडली आहे. तापमान ९६ अंश आले तरी मूल १०० लिहिते, कारण गुण १०० ला मिळतात. अशाने आपण मुलाला रसायनशास्त्र शिकवीत नाही, लबाडी शिकवितो. ९६ आले तर ९६ लिहू द्या, आणि का आले असावे ते विचारा. हॅव्हरफोर्डच्या वह्यांत जर विद्यार्थ्यांनी खोटी उत्तरे लिहिली असती, तर यंत्राला काय शिकता आले असते?

तिसरी विनंती शिष्यवृत्तीच्या निधीविषयी. पुण्यात पाषाण येथे १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. त्याच परिसरात २००६ साली स्थापन झालेली विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहे. ज्या चौकटींची कहाणी आम्ही सांगितली, त्या जातीच्या द्रव्यांवर तेथे संशोधन चालते. तांबट आळीपासून पाषाण काही कोसांवर आहे. परंतु आपल्या किती मुलांनी आणि मुलींनी ते अंतर ओलांडले? विज्ञान शाखेच्या पदवीसाठी जाणाऱ्या एका मुलाला व एका मुलीला तरी दरवर्षी मंडळाने साह्य करावे, आणि शक्य झाल्यास आपल्या ज्ञातीबाहेरच्या गरजू विद्यार्थ्यासही त्यातून वगळू नये. निर्वासिताच्या एका खोलीतील मुलाने पुस्तक उघडले तेव्हा त्या पुस्तकाने त्याचे कूळ विचारले नव्हते.

यंत्र आपली विद्या हिरावून घेईल काय, असे पुष्कळ जण विचारतात. आमच्या मते, यंत्र काही हिरावण्याच्या आधीच आपण ती विस्मृतीच्या स्वाधीन करीत आहोत. यंत्राला शिकवावयास अनुभव लागतो, आणि अनुभव आपल्या वडीलधाऱ्यांपाशी आहे. येत्या दिवाळीच्या सुटीत प्रत्येक घरातून एक कोरी वही आणावी, तिच्या पहिल्या पानावर कारागिराचे नाव आणि तारीख घालावी, आणि पुढचे पान आजोबांना विचारून भरावे. एवढे झाले, तर या मेळाव्याचे आणि आमच्या या लांबलेल्या भाषणाचेही सार्थक झाले असे आम्ही समजू.